संगणक कोणत्या रकान्यात? कलासंस्थांच्या डिजिटल खर्चाची पार्श्वभूमी

नाट्यसंस्था, संगीत मंडळं, लोककलांचे संग्रह यांना डिजिटल साधनांसाठी मदत मिळावी, ही मागणी जोरात आली ती मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद पडल्यावर. महाराष्ट्रातली नाट्यगृहं 5 नोव्हेंबर 2020 ला निम्म्या क्षमतेने उघडली, 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबरच्या 22 तारखेपर्यंत बंदच राहिली. प्रेक्षकांपर्यंत ऑनलाइन पोहोचायचं तर कॅमेरे, ध्वनियंत्रणा, संकलनाचं सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा माणूस हवा, हे तेव्हा प्रत्येक कार्यकारिणीला कळलं. पण हा खर्च दाखवायचा कुठे, हा पेच महासाथीच्या बराच आधीचा आहे.

1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या हिशेबपत्रकात आस्थापना खर्च एकीकडे आणि न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च दुसरीकडे अशी विभागणी आहे. नाट्यस्पर्धा, शिबिर हे उद्दिष्ट. भाडं, वीज, कारकुनाचा पगार ही आस्थापना. टंकलेखन यंत्राच्या काळात यावर वाद होत नसे. संगणक आला आणि गोंधळ सुरू झाला, कारण पत्रं त्यावरच लिहिली जातात आणि जुन्या प्रयोगांची ध्वनिमुद्रणंही त्यावरच जपली जातात.

खरा गुंता आहे 'प्रशासकीय खर्च' या शब्दाचा. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाचे, नियम 2014 मध्ये लागू झाले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कंपनीचा स्वतःचा प्रशासकीय खर्च आणि संस्थांची क्षमताबांधणी हे दोन्ही मिळून 5 टक्क्यांच्या एकाच मर्यादेत कोंबले होते. म्हणजे संस्थेच्या माणसांना नवं तंत्र शिकवायचं तर तो पैसा कंपनीच्या कार्यालयीन खर्चाशी स्पर्धा करून मिळवायचा. माझ्या मते डिजिटल गुंतवणुकीचं सर्वाधिक नुकसान या एका वाक्याने केलं. जानेवारी 2021 च्या दुरुस्तीने क्षमताबांधणी त्या मर्यादेतून वगळली आणि प्रशासकीय खर्च म्हणजे कंपनीने स्वतःच्या सीएसआर कारभारावर केलेला खर्च, अशी व्याख्या दिली. तरीही तुमच्या अंदाजपत्रकात प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या आत बसवा, असं संस्थांना आजही ऐकावं लागतं. आम्ही एका अर्जात स्कॅनर आणि दोन हार्ड डिस्क मागितल्या, तेव्हा त्या ओळीवर लाल पेनाने 'ओव्हरहेड', म्हणजे प्रशासकीय खर्च, असं लिहून अर्ज परत आला. महोत्सवाच्या मांडवाची ओळ मात्र जशीच्या तशी मंजूर झाली.

परदेशी देणग्यांच्या बाबतीत व्याख्या संस्थेलाच बांधते. तिथल्या नियमांत कार्यालयीन उपकरणं प्रशासकीय खर्चात स्पष्टपणे मोजली आहेत आणि सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीने या खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. नाट्यगृहं बंद होती, मोबाइल-संगणकाच्या पडद्याशिवाय दुसरा मंच नव्हता, नेमक्या त्याच महिन्यांत हे घडलं. प्राप्तिकर कायद्याचं तिसरंच: धर्मादाय संस्थेने उद्दिष्टांसाठी संगणक घेतला, तर ती भांडवली खरेदीही उत्पन्नाचा विनियोग म्हणून धरता येते. इतके कायदे, एकच यंत्र.

यात जीएसटीची भर. 500 रुपयांपर्यंतचं नाटकाचं तिकीट करमुक्त आहे आणि हे योग्यच आहे. पण करमुक्त तिकिटापोटी खरेदीवरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे त्याची वजावट, मिळत नाही. सॉफ्टवेअरवरचे 18 टक्के संस्थेच्याच खिशातून जातात.

म्हणून अर्जात आता 'संगणक' हा शब्द टाळतात. 'जुन्या ध्वनिफितींचं डिजिटायझेशन' असा प्रकल्प लिहितात आणि त्यात स्कॅनर, डिस्क, तंत्रज्ञाचं मानधन सगळं बसवतात. बुरशी चढलेल्या फिती पुसून, वाजवून, उतरवून होतात; प्रकल्प वेळेत पूर्ण होतो, अहवाल जातो. पुढच्या वर्षी त्या फाइली जिथे ठेवल्या आहेत त्या जागेच्या वार्षिक शुल्काचं बिल येतं. तोवर अनुदान संपलेलं असतं आणि ते बिल आस्थापना खर्चात जातं.