अंदाजपत्रक, महानगरपालिकेचे (ठाणे व नवी मुंबई)

महानगरपालिकेच्या येत्या आर्थिक वर्षातील (१ एप्रिल ते ३१ मार्च) जमाखर्चाचा अंदाज आणि तो सभागृहाकडून मंजूर करून घेण्याची वैधानिक प्रक्रिया. ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम (मूळ नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९) लागू आहे. खाडीपलीकडच्या बृहन्मुंबईचा कारभार मात्र १८८८ च्या स्वतंत्र कायद्याने चालतो. दोन्ही कायद्यांचा गाभा एकच : आयुक्तांनी अंदाज मांडायचे, स्थायी समितीने (नगरसेवकांच्या छोट्या समितीने) ते तपासायचे आणि सर्वसाधारण सभेने, म्हणजे महासभेने, मंजूर करायचे.

ही विभागणी कोठून आली याविषयी मतभेद आहेत. इंग्लंडमधील नगरसभांच्या वित्त समित्यांच्या धर्तीवर ती आली, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार तिचे मूळ खुद्द मुंबईतच आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार एका आयुक्ताच्या हाती एकवटला. आर्थर क्रॉफर्ड यांनी त्या पदावरून बाजार, रस्ते व स्वच्छता यांवर सढळ हाताने खर्च केला. तिजोरीवर ताण आला आणि १८७१ मध्ये करदात्यांनी चळवळ उभारली. फिरोजशाह मेहता यांनी त्या वादात निवडून आलेल्या सभेचा आग्रह धरला, पण कार्यकारी अधिकार एका अधिकाऱ्याकडेच असावेत अशी भूमिका घेतली. पुढे १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आणि हिशेबांवर लक्ष ठेवणारे १२ जणांचे ‘टाऊन कौन्सिल’ अस्तित्वात आले. १८८८ मध्ये या कौन्सिलची जागा स्थायी समितीने घेतली. इंग्लंडमध्ये समित्याच कारभार पाहत. सरकारने नेमलेला आणि स्वतःचे वैधानिक अधिकार असलेला आयुक्त तेथे नव्हता. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९४९ च्या कायद्याने हीच घडी प्रांतातील इतर शहरांसाठी उचलली.

ठाण्याची नगरपालिका १८६३ ची, म्हणजे या सर्व घडामोडींच्या आधीची. तिची स्थापना बहुधा १८५० च्या कायद्यान्वये झाली असावी. पुढे जिल्हा नगरपालिकांचे कायदे आणि १९६५ चा नगरपालिका अधिनियम यांखाली तिचा कारभार चालला. आयुक्त व महासभा ही जोडी ठाण्यात आली ती १ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका स्थापन झाल्यावर. तिची पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाली आणि सतीश प्रधान पहिले महापौर झाले. नवी मुंबई महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाला, निवडणूक १९९५ मध्ये झाली. तेथे नगरपालिकेची जुनी परंपरा नव्हती. गावांत ग्रामपंचायती आणि वसाहतींत सिडको (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ) अशी व्यवस्था होती. दोन्ही महापालिकांची सुरुवातीची अंदाजपत्रके अशा प्रकारे निवडून आलेल्या सभागृहाविनाच मंजूर झाली.

अधिनियमाच्या कलम ९५ पासून अंदाजपत्रकाची प्रक्रिया सुरू होते. आयुक्त आपले अंदाज १६ सदस्यांच्या स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती त्यांत फेरफार करून अंदाजपत्रक महासभेकडे पाठवते. महासभा ते आहे तसे वा दुरुस्त्यांसह स्वीकारू शकते, किंवा फेरविचारासाठी समितीकडे परत पाठवू शकते. अंतिम मंजुरी ३१ मार्चपर्यंत अपेक्षित असते. या क्रमात एक बारकावा महत्त्वाचा आहे. कलम ९९ नुसार पुढील वर्षाचे करांचे दर महासभेने २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करायचे असतात. अंदाजपत्रक सभागृहात येते त्या वेळी ही मुदत बहुधा उलटून गेलेली असते. त्यामुळे करांची बाजू गोठलेली आणि चर्चा खर्चाची, अशी स्थिती निर्माण होते. प्रभागातील कामे वाढवून हवी असली, तर कराचा दर न बदलता वसुलीचा अंदाजच फुगवण्याकडे सभागृहाचा कल होतो. वर्षअखेरीस तेवढी वसुली होत नाही आणि कामांची बिले ‘दायित्व’ (न फेडलेले देणे) म्हणून पुढच्या वर्षावर चढतात.

हे ओळखण्याची सोय अंदाजपत्रकाच्या पुस्तकातच असते. प्रत्येक लेखाशीर्षापुढे (जमा वा खर्चाच्या बाबीपुढे) गतवर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मूळ अंदाज, वर्ष सरत असताना बदललेला सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने आडवे मांडलेले असतात. मूळ अंदाज मोठा, सुधारित अंदाज त्याहून बराच कमी आणि पुढील वर्षी पुन्हा मोठा आकडा, असे एखाद्या जमाशीर्षाचे दिसले, तर तेथेच बोट ठेवावे. मुरलेले नगरसेवक सुधारित अंदाजापासूनच वाचायला घेतात.

ठाण्यात महासभा पाचपाखाडीतील महापालिका भवनाच्या नरेंद्र बल्लाळ सभागृहात भरते. नवी मुंबईचे मुख्यालय बेलापूरला आहे. ठाण्यातील चर्चेत पाणी हा हमखास येणारा विषय. शहराला स्वतःचे धरण नाही. भातसा नदीवरील स्वतःच्या योजनेखेरीज स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्या पाण्यावर शहर अवलंबून आहे. घोडबंदर पट्ट्यातील सदस्य टँकरचा प्रश्न मांडतात, दिवा भागातील सदस्य जलवाहिन्यांच्या तरतुदीचा. नवी मुंबईकडे मोरबे धरण असल्याने तेथे या वादाला तेवढी धार येत नाही. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवायच्या तरतुदी खर्च झाल्या का, हा प्रश्न दोन्हीकडे विचारला जातो. तो आणखी नेटाने विचारला जायला हवा.

उत्पन्नाच्या रचनेत १ एप्रिल २०१३ नंतर मोठा बदल झाला. ठाण्यातील जकात आणि नवी मुंबईतील उपकर (दोन्ही शहरात येणाऱ्या मालावरचे कर) जाऊन स्थानिक संस्था कर आला. तोही १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच संपला. त्याबदली राज्य शासन २०१६-१७ हे आधारवर्ष धरून, वार्षिक ८ टक्के वाढीने भरपाई देते. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि शहर विकास विभागाचे शुल्क ही उत्पन्नाची इतर प्रमुख साधने. २०२५-२६ चे अंदाजपत्रक ठाण्याचे सुमारे ५,६४५ कोटी आणि नवी मुंबईचे सुमारे ५,७०० कोटी रुपयांचे होते.

ही अंदाजपत्रके प्रशासकीय राजवटीतली आहेत. मुदत संपल्याने नवी मुंबईत मे २०२० मध्ये, तर ठाण्यात मार्च २०२२ मध्ये सभागृह संपुष्टात आले. नवीन सभागृहांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक असल्याने अंदाज मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच राहिला. याने कायदेशीर वैधता बाधित होत नाही, असे सामान्यतः मानले जाते. तरीही १८७२ पासून जपलेली तपासणीची पायरी या काळात नव्हती, आणि ही उणीव किरकोळ समजता येणार नाही. सभागृह असताना कोणत्या सदस्याने कोणती उपसूचना (दुरुस्तीची सूचना) मांडली, ती का फेटाळली गेली, हे इतिवृत्तात उतरते. प्रशासकाच्या ठरावात असा वाद नसतो. एखाद्या तरतुदीमागचे कारण शोधायचे, तर आयुक्तांच्या निवेदनाखेरीज हाती काही लागत नाही.

परिवहन उपक्रमाचे अंदाजपत्रक वेगळे असते. ठाणे परिवहन सेवा ९ फेब्रुवारी १९८९ रोजी सुरू झाली. परिवहन व्यवस्थापक आपले अंदाज परिवहन समितीला सादर करतात आणि तेथून ते स्थायी समितीमार्गे महासभेकडे जातात. उपक्रमाची तूट महापालिकेच्या अनुदानातून भरली जाते. शहरातील झाडांची जबाबदारी असलेल्या वृक्ष प्राधिकरणाचे अंदाजपत्रकही स्वतंत्र असते.