गारंबी झाडाचं रक्त पीत नाही

थंडी पडली की मोबाईलवर फणसाडचे रील्स यायला लागतात. गारंबीची जाडजूड वेल, तिला लोंबकळणारा एखादा हौशी बाप्या, मागे टारझनची आरोळी आणि खाली ठरलेल्या दोन प्रतिक्रिया. एक म्हणजे 'जगातली सर्वांत लांब वेल!!' दुसरी, 'ही वेल झाडाचं रक्त पिऊन जगते, म्हणून झाडं वाळतात.' पहिलीला माझा प्रश्न एवढाच, की मोजली कुणी? गारंबी जमिनीवर लोळते, एका झाडावर चढते, शेंड्याशेंड्याने पुढच्या झाडावर जाते, मध्येच खाली उतरून पुन्हा वर निघते. टेप धरायची कुठून? दुसरी प्रतिक्रिया मात्र खरी की खोटी हे तपासता येतं, तेही घरच्या पोराटोरांना सोबत घेऊन, चालता चालता.

फणसाड अभयारण्य रायगड जिल्ह्यात, मुरूड-रोह्याच्या पट्ट्यात आहे. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, 1986 साली ते अभयारण्य झालं. क्षेत्रफळ 50 चौरस किलोमीटरहून जास्त. सह्याद्रीची दमछाक करणारी चढण इथे नाही. समुद्रसपाटीपासून फार उंच नसलेल्या टेकड्या, ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी अशी झाडी आणि मधूनमधून पाणी धरून ठेवणाऱ्या जागा, ज्यांना इथे 'गाण' म्हणतात. सुपेगावच्या बाजूने आत शिरलं की सात-आठ वर्षांचं मूल आणि गुडघे जपून चालणारी आजी दोघांनाही झेपेल अशी वाट मिळते. वर शेकरू दिसतो न दिसतो, पण गारंबी चुकत नाही.

ती दिसली की मुलांना एकच काम द्यायचं: हिचं मूळ शोधा. खोड चपटं, पीळ पडलेलं, कुठे कुठे मांडीएवढं जाड. त्यावर हात ठेवून मागे मागे जायचं. मध्येच ते पाचोळ्यात बुडतं, दगडाला वळसा घालतं, आणि शेवटी आधाराच्या झाडापासून चांगलं दूर, सरळ जमिनीत शिरतं. एका वाटेवर एक छोटी मुलगी हेच करून आली आणि तिने विचारलं, "आजोबा, मग हिला झाड कशाला हवं?" आजोबांनी डोक्यावरच्या पानांच्या छताकडे बोट दाखवलं. "उन्हाला गो. खाली ऊन पोचतंय कुठे?" वनस्पतिशास्त्राचा अर्धा धडा तिथेच झाला.

रक्तपिपासू म्हणायचंच तर त्या जमातीतले खरे उमेदवार वेगळे आहेत. अमरवेल परक्या फांदीत शोषकमुळं खुपसते आणि तयार अन्न पळवते. बांडगूळ स्वतःच्या हिरव्या पानांत अन्न बनवतं, पण पाणी आणि क्षार मात्र यजमान झाडाकडून घेतं. गारंबीला स्वतःची मुळं आहेत, स्वतःची पानं आहेत आणि पानाच्या टोकाला दुभंगलेला तणावा आहे, ज्याने ती पकडून चढते. नात्याने ती शिरीष, खैर आणि लाजाळूच्या गोतावळ्यातली. झाडाकडून तिला हवा असतो तो निव्वळ आधार.

आता माझ्या आवडीचा भाग. मांडीएवढं खोड, पण वर पसारा किती? दोन-चार झाडांचे शेंडे झाकून टाकेल एवढा. एवढ्या पानांना पाणी पोचवायचं एवढ्याशा खोडातून, आणि तेही पंचवीस-तीस मीटर उंचीवर. कसं?

शाळेत बहुतेकांनी 'केशाकर्षण' असं उत्तर लिहिलेलं असतं. हिशेब करून बघू. नळी जितकी बारीक तितकं पाणी वर चढतं, हे खरं. पण जाड वेलींत असते तशा 0.4 मिलिमीटर व्यासाच्या नळीत केशाकर्षणाने पाणी चढतं जेमतेम 7 सेंटिमीटर. मग वरून शोषून घेत असेल? शहाळ्यात नळी घालून आपण पाणी ओढतो तेव्हा खरं तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलत असतो, आणि तो दाब पाण्याला 10 मीटरच्या वर नेऊच शकत नाही. पंप कितीही भारी असो. विहीर खोल असली की मोटर खाली पाण्यात सोडावी लागते ती याचमुळे.

उत्तर 1894 मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी मांडलं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पानातून पाण्याची वाफ झाली की पेशींच्या भिंतींमधल्या अतिसूक्ष्म छिद्रांतला पाण्याचा पृष्ठभाग आत खेचला जातो. ही छिद्रं मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याच्या घरातली, म्हणून केशाकर्षण इथे भलतंच जोरदार ठरतं. म्हणजे शाळेतलं उत्तर पूर्ण चूक नव्हतं, जागा चुकली होती: केशाकर्षण खोडात काम करत नाही, पानात करतं. तिथे बसलेला ताण पाण्याच्या अखंड स्तंभातून थेट मुळांपर्यंत पोचतो. खोडातलं पाणी दाबाखाली नसतं, ताणलेलं असतं. वातावरणाच्या दाबाच्या कितीतरी पट ताण, आणि तरी ते तुटत नाही.

हे सगळं झाडांनाही लागू आहे. वेलीची करामत पुढे आहे. फ्रान्समध्ये ज्याँ पॉइझी नावाच्या डॉक्टरने 1840 च्या सुमारास बारीक नळ्यांतून द्रव किती वाहतो ते मोजलं. त्याला कुतूहल होतं रक्तवाहिन्यांचं, तेव्हा रक्ताचा संबंध आलाच तर एवढाच! त्याला दिसलं की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. नळी दुप्पट रुंद केली की प्रवाह सोळा पट. बऱ्याच झाडांत पाणी वाहणाऱ्या नळ्या मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतात. जाड वेलींत त्या 0.4 मिलिमीटर किंवा त्याहूनही रुंद सापडतात. चौपट रुंदी म्हणजे 4 चा चौथा घात, 256 पट प्रवाह. आता उलटा हिशेब करा. त्या एका रुंद नळीचं काम 256 बारीक नळ्यांकडून करून घ्यायचं तर त्यांना एकूण सोळा पट जागा लागेल. म्हणजे झाडाने जेवढं लाकूड खर्चून पाणी पोचवलं, तेवढंच पाणी वेल त्याच्या सोळाव्या हिश्श्यात पोचवते. (दोन्ही खोडांची लांबी आणि त्यांवरचा ताण सारखाच आहे असं धरून. प्रत्यक्षात नळ्यांमधले सांधे थोडा अडथळा करतात, पण मुद्दा बदलत नाही.) वजन तोलायची जबाबदारी दुसऱ्यावर टाकल्यामुळेच तिला ही चैन परवडते. झाडाने असल्या रुंद पोकळ नळ्यांनी खोड भरलं तर पहिल्याच वादळात ते आडवं होईल.

चैनीची किंमत असतेच. ताणलेल्या पाण्यात हवेचा बुडबुडा शिरला की स्तंभ तुटतो आणि ती नळी बाद होते. शेकडो बारीक नळ्यांतली एखादी गेली तर कळतही नाही. रुंद नळी गेली की मोठा फटका बसतो. पाणी गोठताना त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि असेच बुडबुडे धरतात, रुंद नळीत तर मोठे. म्हणून बर्फ पडणाऱ्या मुलखात असल्या जाड वेली क्वचितच दिसतात. कोकणात पाणी गोठायचा प्रश्नच नाही. उलट चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे, असं हवामान वेलींना मानवतं, कारण कोरड्या दिवसांत झाडं हात आखडतात तेव्हाही बऱ्याच वेलींचा कारभार चालू राहतो. ॲमेझॉनच्या कायम ओल्या भागांपेक्षा असं ऋतुमान असलेल्या उष्ण जंगलांत वेलींचं प्रमाण जास्त आढळतं. तेव्हा फणसाडला 'मिनी ॲमेझॉन' म्हणणाऱ्यांनी तुलना जरा जपून करावी.

मग गारंबी निर्दोष? तसंही नाही. ती रक्त पीत नसली तरी ऊन अडवते, वजन टाकते, जमिनीतल्या पाण्यात वाटा मागते. पनामात 2011 पासून जंगलाच्या काही तुकड्यांतल्या सगळ्या वेली काढून टाकण्याचा प्रयोग चालला. वेली असलेल्या तुकड्यांत जंगलाने साठवलेल्या कार्बनची निव्वळ भर जवळजवळ तीन-चतुर्थांशाने कमी निघाली. हा आकडा ऐकून कोयता घेऊन निघायचं मात्र कारण नाही. याच वेलींवरून शेकरू जमिनीवर न उतरता एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि अभयारण्यात वेल तोडणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. झोपाळा म्हणूनही ती वापरू नये. साल सोलवटते हे एक, आणि वेल जिला अडकलीय ती फांदी वाळलेली असली तर डोक्यात येते.

गारंबीची शेंग मीटरभर, कधी त्याहूनही लांब. तिचे एकेका बीचे तुकडे पडतात आणि कडांची रिकामी चौकट वर लटकत राहते. आतली बी तपकिरी, चकचकीत, तळहातात मावेल एवढी. या बीचा ऑनलाइन धंदा जोरात आहे: उशाशी ठेवा, चाटण घ्या, स्वप्नात भविष्य दिसतं वगैरे. बीत सॅपोनिन असतं, साबणासारखा फेस करणारं. कच्ची खाल्ली तर भविष्याऐवजी दवाखाना दिसायची शक्यता अधिक. मुलांना चावू देऊ नका.

चालताना सांभाळायची दुसरी वेल आहे खाजकुइली. थंडीत तिच्या सोनेरी लवेच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि मुलांचा हात नेमका तिकडेच जातो. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, पाणी, सकाळी लवकर निघणं. बाकी नाक्यावर फी भरताना वाटाड्या मिळाला तर घ्यावा, निम्मी मजा त्याच्या डोळ्यांत असते.

बीच्या आत, दोन डाळिंब्यांच्या मध्ये, हवेची पोकळी असते. त्यामुळे ती ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात तरंगत जाते. कवच इतकं टणक, की महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात राहूनही आतला अंकुर जिवंत राहू शकतो. कॅरिबियन बाजूच्या तिच्या बहिणीच्या बिया अटलांटिक ओलांडून नॉर्वेच्या किनाऱ्याला लागतात. आपल्या पुळणीवर अशी वाहून आलेली बी सापडली तर कवच एका बाजूने खरखरीत दगडावर घासून पातळ करायचं, रात्रभर पाण्यात टाकायचं आणि कुंडीत लावायचं. कवच न घासता लावली तर ती वर्षभरही ढिम्म पडून राहील. उगवलीच तर झपाट्याने वाढते. फक्त कलमी आंब्याच्या जवळ लावू नका.