बिटररूट : मोंटानाच्या राज्यफुलामागची मुळी

अमेरिकेतल्या मोंटानाने १८९५ मध्ये बिटररूटला राज्यफूल ठरवलं. रॉकी पर्वतातल्या कोरड्या, खडकाळ जमिनीलगत उमलणारं हे गुलाबी फूल देखणं आहेच. पण तिथल्या मूळनिवासी सॅलिश लोकांच्या लेखी फूल दिसलं म्हणजे हंगाम हुकला. त्यांना हवी असते मुळी, आणि ती कळ्या उमलण्याआधी, साधारण मे महिन्यात काढावी लागते.

तेव्हा मुळीची काळपट साल बोटांनी ओढली तरी सुटते; फुलोरा आला की चिकटून बसते आणि कडूपणाही वाढतो. आडव्या मुठीची टोकदार काठी बाजूने खुपसून झाड मुळासकट उचकटायचं, माती झटकून साल काढायची आणि आतला लालसर गाभा चिमटीने खुडायचा. सगळ्यात कडू तोच. सोललेल्या पांढऱ्या मुळ्या चांगल्या वाळवल्या की वर्षभर सहज टिकतात. शिजवल्यावर त्या फुगून बुळबुळीत होतात. पोतंभर मुळ्या जमवायला एका बाईला तीन-चार दिवस लागत, आणि तेवढ्यावर घोडा मिळे, असं सांगतात.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे मोहिमेवर निघालेल्या मेरिवेदर लुइसने २२ ऑगस्ट १८०५ ला शोशोनी या दुसऱ्या मूळनिवासी लोकांकडून आलेली मुळी उकडून चाखली. त्याला मळमळलं, शोशोनी मात्र ती आवडीने खात. परतीच्या वाटेवर, १ जुलै १८०६ ला, त्याने बिटररूट खोऱ्यात तिचे नमुने गोळा केले. फिलाडेल्फियात पोचलेली वाळकी मुळी लावली तर चक्क फुटली! म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक पुर्शने १८१४ मध्ये नाव दिलं लुइसिया रेडिव्हिव्हा, म्हणजे पुन्हा जिवंत झालेली. पुढे ब्रिटिश कोलंबियातला एक नमुना तर उकळत्या पाण्यात बुडवून वाळवला होता. दीडेक वर्षाने लंडनच्या क्यू उद्यानात तोही फुलला.

हा चिवटपणा कोरड्या उन्हाळ्यासाठीचा. पानं वाळून जातात, जाड मुळी जमिनीत निजते. बागेत सुपीक माती आणि उन्हाळ्यात रोज पाणी दिलं की हीच मुळी कुजते.

अमेरिकी सरकारबरोबरच्या १८५५ च्या हेलगेट करारानंतर सॅलिशांवर त्यांचं बिटररूट खोरं सोडण्याचा दबाव वाढत गेला. प्रमुख शार्लोची माणसं १८९१ मध्ये उत्तरेकडच्या फ्लॅटहेड राखीव प्रदेशात हलवली गेली. राज्यफुलाचा मान त्यानंतर चारच वर्षांनी आला. खणणं मात्र थांबलेलं नाही: दर वसंतात आधी प्रार्थना होते, आणि त्याआधी कुणी काठी मातीत घालत नाही.