यू-बूटमधील फ्लॅश फाइल सिस्टिमच्या पर्यायांची पार्श्वभूमी

यू-बूट हा बूटलोडर, म्हणजे उपकरण सुरू होताच ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा (कर्नल) मेमरीत आणून चालू करणारा प्रोग्रॅम. त्याच्या मांडणीत, म्हणजे बांधणीच्या वेळी निवडायच्या पर्यायांत, फ्लॅश मेमरीसाठी जेएफएफएस-2 (फाइल सिस्टिम), एमटीडी विभाग (लिनक्सच्या फ्लॅश हाताळणाऱ्या थरातील फ्लॅशचे भाग), यूबीआय (फ्लॅश सांभाळणारा थर) आणि यूबीआयएफएस (त्यावरची फाइल सिस्टिम) असे पर्याय शेजारी शेजारी दिसतात. ते एकाच वेळी, एकाच विचाराने घडलेले नाहीत, ही बाब लक्षात घेतली नाही तर त्यांतले कोणते एकमेकांवर अवलंबून आहेत हे उमगत नाही.

जर्मनीतील वोल्फगांग डेंक यांचा पीपीसीबूट हा पॉवरपीसी बोर्डांसाठीचा बूटलोडर 2002 मध्ये यू-बूट झाला. त्या काळच्या बोर्डांवर बहुधा नॉर फ्लॅश असे. प्रोसेसरला ती थेट पत्त्याने वाचता येत असल्यामुळे कर्नल एका ठरलेल्या पत्त्यावर ठेवणे पुरेसे होते आणि बूटलोडरला फाइल सिस्टिम समजण्याची फारशी गरजच नव्हती. गरज पडली ती कर्नल ही रूट फाइल सिस्टिममधलीच (लिनक्सच्या मुख्य फाइल सिस्टिममधलीच) एक फाइल असावी, म्हणजे ती बदलणे सोपे जाईल, असे वाटू लागल्यावर.

फ्लॅशसाठी खास घडवलेली जेएफएफएस स्वीडनच्या ॲक्सिस कम्युनिकेशन्सने 1999 मध्ये आणली; रेड हॅटमध्ये डेव्हिड वुडहाउस यांनी तिची केलेली पुनर्रचना, जेएफएफएस-2, 2001 मध्ये लिनक्स 2.4.10 मध्ये आली. यू-बूटने तिचा फक्त वाचण्यापुरता भाग घेतला, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण लिहिण्याबरोबर येणारी जुन्या नोंदींची साफसफाई आणि अर्धवट लिखाणानंतरची सावरासावर बूटलोडरवर लादण्यात अर्थ नव्हता.

नँड फ्लॅश (नॉरसारखी थेट पत्त्याने न वाचता येणारी फ्लॅशची दुसरी जात) स्वस्त आणि मोठी होत गेली तशी जेएफएफएस-2 ची मर्यादा उघडी पडली. माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडताना, तिला सगळी फ्लॅश चाळावी लागते, त्यामुळे क्षमता वाढली की वेळ आणि मेमरी दोन्ही वाढतात. नँडवरचे खराब ब्लॉक हा आणखी एक त्रास. त्यावर लिनक्समध्ये जबाबदाऱ्यांची विभागणी झाली. खराब ब्लॉक आणि वारंवार लिहिण्याने होणारी झीज सांभाळणारा यूबीआय थर 2.6.22 मध्ये (2007), तर त्यावर बसणारी, नोकियाच्या अभियंत्यांनी हंगेरीतील सेगेड विद्यापीठाच्या मदतीने घडवलेली यूबीआयएफएस 2.6.27 मध्ये (2008) आली. 2008-09 च्या सुमारास हा कोड यू-बूटमध्ये उतरवला गेला. तो कर्नलमधून आलेला असल्यामुळे कर्नलमधल्या सोयीही सोबत आल्या: एमटीडी विभागांचा थर, रेड-ब्लॅक ट्री (माहिती क्रमाने ठेवण्याची रचना), एलझेडओ (डेटा आकुंचनाची पद्धत). जुन्या बोर्डांच्या हेडर फाइलींमध्ये (बोर्डाचे पर्याय ठरवणाऱ्या सी भाषेतील फाइलींमध्ये) यूबीआयएफएससोबत हे पर्याय वेगळे चालू केलेले दिसतात ते यामुळेच. यूबीआयएफएसही येथे फक्त वाचता येते; यूबीआयचा आख्खा व्हॉल्यूम (यूबीआयने फ्लॅशवर आखलेला भाग) मात्र बूटलोडरमधून लिहिता येतो, म्हणून कर्नलसाठी स्वतंत्र व्हॉल्यूम ठेवण्याची पद्धत सोयीची ठरते.

सर्वांत चिवट वारसा विभागांच्या तक्त्याचा आहे. फ्लॅशवर डिस्कसारखा सर्वमान्य तक्ता नसल्याने तो ‘एमटीडीपार्ट्स’ या एन्व्हायर्न्मेंट चलात (बूटलोडरने जपून ठेवलेल्या सेटिंगमध्ये) मजकूर म्हणून लिहिला जाई आणि तोच कर्नलला आज्ञाओळीतून दिला जाई. या दोन्ही प्रती जुळल्या नाहीत तर बूटलोडर एका जागी यूबीआय शोधतो आणि कर्नल दुसऱ्याच.

पर्याय निवडण्याची रीतही बदलली. 2014.10 या आवृत्तीपासून यू-बूटमध्ये केकॉन्फिग, म्हणजे लिनक्स कर्नलमधली पर्याय निवडण्याची व्यवस्था, आले. हेडर फाइलींतील व्याख्या तिकडे हलवण्याचे काम मात्र पुढे कित्येक वर्षे चालले, आणि जुन्या बोर्डांच्या सूचना वाचताना त्या कोणत्या पिढीतल्या आहेत हे आजही आधी पाहावे लागते.