रेशनच्या तांदळातले ते 'प्लास्टिकचे' दाणे

'रेशनच्या तांदळात प्लास्टिक मिसळतात, पाण्यात दाणे तरंगतात' या समजापायी चांगला तांदूळ कोंबड्यांना जातो आणि घरात महागडं पाकीट येतं.

ते वेगळे दाणे खरेच असू शकतात, पण ते पोषण वाढवण्यासाठी मुद्दाम घातलेले. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात आणि साधारण १०० किलोत १ किलो मिसळतात. रंग किंचित निराळा, वजनाला हलके, म्हणून काही तरंगतात. किडीने पोखरलेला साधा दाणाही तरंगतो, त्यामुळे तरंगणं हा पुरावा नव्हे. शिवाय प्लास्टिकचा कच्चा माल साध्या तांदळापेक्षा महाग. भेसळ करणाऱ्याला त्यात काय मिळणार?

शंका आलेले दहा-बारा दाणे वेगळे शिजवा. बोटांत चिरडून मऊ पीठ झालं, तर तो तांदूळ. प्लास्टिक असं शिजत नाही. गार झालेल्या शितावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका: निळा-काळा रंग म्हणजे स्टार्च. (ते शीत मात्र फेकून द्या.) चिमट्यात धरून जाळल्यास तांदळाचा कोळसा होतो, प्लास्टिक वितळून ओघळतं.

हे दाणे निवडून टाकू नका, वाढीव पोषण त्यांतच आहे. तांदूळ फार चोळून धुऊ नका. पेज केलीत तर निवळही पिऊन टाका.