चौथ्या स्टेजच्या बायका एकमेकींना कशा सापडल्या

१९७०च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्तनाचा कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेल्या, म्हणजे चौथ्या स्टेजच्या, बायका आठवड्यातून एकदा दीड तास एकत्र बसू लागल्या. सोबत एखादा मानसोपचारतज्ज्ञ किंवा समाजसेविका आणि हा आजार स्वतः भोगलेली एक समुपदेशक. अर्विन यालोम आणि डेव्हिड स्पीगल या डॉक्टरांच्या या कल्पनेवर तेव्हा एक मोठा आक्षेप होता. गटातल्या बायका एकेक करून जाणार, मग मागे राहिलेल्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं तर त्या पुरत्या खचतील, असं वैद्यकीय वर्तुळात वाटत होतं.

तसं झालं नाही. गटात येणाऱ्या बायकांची उदासी आणि भीती, गटात नसलेल्यांच्या तुलनेत कमी झाली. दुखणंही जास्त सुसह्य झालं. मरणाबद्दल घरी बोलायला गेलं की घरचे विषय बदलत, डॉक्टर रिपोर्टमध्ये डोकं घालत. इथे मात्र त्यावर सरळ बोलता येत होतं. गटातली एखादी गेली, तर पुढच्या बैठकीत तिच्याबद्दल बोलणं होई. आपण गेल्यावर आपलंही नाव असंच घेतलं जाईल, हे प्रत्येकीला कळत होतं, आणि त्यात धीर होता.

एकमेकींना आधार देण्याची पद्धत तोवर नवी राहिली नव्हती. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या टेरीस लॅसर या बाईंनी, आपल्याला कोणी काही सांगितलं नाही या संतापातून, इतर रुग्णांना खाटेपाशी जाऊन भेटायला सुरुवात केली. हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी, ब्लाउजमध्ये घालायला तात्पुरतं कृत्रिम स्तन, असं सामान त्या घेऊन जात. डॉक्टर मंडळी आधी चिडली, पण १९६९मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपल्याकडे घेतला आणि तो जगभर पोचला. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णसाहाय्य उपक्रमांचा साचाही हाच आहे: बरी झालेली बाई नव्याने निदान झालेलीला भेटते आणि सांगते, ‘मला बघ, मी ठीक आहे, तूही होशील.’

पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या बाईला याहून मोठा दिलासा नाही. पण जिचा कॅन्सर पाच वर्षांनी कण्यात सापडला, तिला ही भेटायला आलेली बाई काय सांगणार? आणि आजार परतलेली ती बाई स्वतः? ती स्वयंसेविका म्हणूनही बसत नाही आणि नवी रुग्ण म्हणूनही नाही. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण सगळी उभारणीच ‘बरं होणं’ या एका शब्दावर झाली होती, आणि चौथी स्टेज त्यात बसत नव्हती.

शास्त्राला मात्र हा आजार पसरतो कसा, हा प्रश्न फार आधीपासून छळत होता. लंडनच्या स्टीफन पॅजेटने १८८९मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासल्या. कॅन्सर कुठेही कसाही पसरत नाही, काही अवयवांकडे त्याचा ओढा जास्त असतो, हे त्याला दिसलं. बी सगळीकडे उडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच, असं त्याने मांडलं. नेमक्या त्याच काळात अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड छातीचे स्नायूसुद्धा कापून काढणारी प्रचंड शस्त्रक्रिया रूढ करत होता. जितकं जास्त कापाल तितका आजार मुळासकट जाईल, हा त्याचा विश्वास पुढची सत्तर-ऐंशी वर्षं टिकला. अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७१मध्ये सुरू केलेल्या चाचणीने तो मोडला: जास्त कापून आयुष्य वाढत नव्हतं. कारण गाठ हाताला लागण्याआधीच कॅन्सरच्या काही पेशी रक्तातून निघून गेलेल्या असू शकतात. म्हणून शस्त्रक्रिया उत्तम होऊन, तपासण्या वेळच्या वेळी करूनही आजार परततो. ‘तुम्ही काहीतरी हयगय केली असेल’ हे वाक्य ज्या बाईने नातेवाइकांकडून ऐकलंय, तिने हे लक्षात ठेवावं.

आज सगळ्या स्टेजना वापरली जाणारी कितीतरी औषधं प्रथम चौथ्या स्टेजच्या बायकांनी घेऊन पाहिली, आणि या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसनने १८९५मध्ये शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या एका तरुण बाईची अंडाशयं काढली. तिच्या गाठी विरघळल्या आणि ती आणखी जवळपास चार वर्षं जगली. हार्मोन उपचारांची ती सुरुवात. टॅमॉक्सिफेन ही गोळी आज आपल्या तालुक्याच्या औषध दुकानातही मिळते. तिची पहिली चाचणी मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमध्ये आजार बळावलेल्या ४६ बायकांवर झाली, निष्कर्ष १९७१मध्ये छापले गेले, त्यातल्या दहा जणींना चांगला गुण आला होता. ट्रॅस्टुझुमॅबचंही तसंच. हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या) कॅन्सरवरच्या या औषधाच्या निर्णायक चाचणीत आजार पसरलेल्या ४६९ बायका होत्या. केमोसोबत हे औषध मिळालेल्या बायकांचं आयुर्मान साधारण २० महिन्यांवरून २५ महिन्यांवर गेलं. पुढे तेच औषध सुरुवातीच्या स्टेजना दिलं जाऊ लागलं आणि असंख्य जणींचा आजार परतलाच नाही.

या औषधासाठी लढाही चौथ्या स्टेजनेच दिला. चाचणी चालू असताना बाहेरच्या रुग्णांना ते मिळत नव्हतं. १९९४च्या अखेरीस, औषध नाकारलं गेलेल्या आणि नंतर मरण पावलेल्या एका डॉक्टर बाईच्या स्मरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यकर्त्या गाड्यांची अंत्ययात्रा काढून औषध बनवणाऱ्या कंपनीच्या आवारात शिरल्या. वाटाघाटी झाल्या आणि चाचणीबाहेरच्या काही बायकांना सोडत काढून औषध देणं सुरू झालं. १९९८मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

ऑक्टोबर हा स्तनाच्या कॅन्सरच्या जनजागृतीचा महिना १९८५ साली सुरू झाला, त्यामागे टॅमॉक्सिफेन बनवणाऱ्या आयसीआय या कंपनीचा हात होता. पुढे गुलाबी फीत आली, दौडी आल्या, ‘लवकर निदान म्हणजे जीवदान’ हे घोषवाक्य आलं. लवकर निदानाचं महत्त्व निर्विवाद आहे. पण व्यासपीठावर फक्त जिंकलेल्या बायका उभ्या राहिल्या, की हरलेल्या कोण हे वेगळं सांगावं लागत नाही.

मधल्या काळात स्टॅनफर्डच्या गटाची गोष्ट भलतीकडेच वळली. स्पीगल यांनी दहा वर्षांनी गटातल्या आणि तुलनेसाठी गटाबाहेर ठेवलेल्या मिळून ८६ बायकांच्या आयुर्मानाची गणती केली. मनाच्या बळावर कॅन्सर हटवता येतो, असं सांगणाऱ्यांना खोटं पाडावं, असा त्यांचा इरादा होता. निघालं उलटंच: गटातल्या बायका सरासरी ३६.६ महिने जगल्या होत्या, गटाबाहेरच्या १८.९. १९८९मध्ये हा लेख आल्यावर खळबळ उडाली. पण २००१मध्ये कॅनडात २३५ बायकांवर काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, आणि २००७मध्ये खुद्द स्पीगल यांनाही १२५ बायकांच्या नव्या अभ्यासात तो परिणाम एकंदरीत आढळला नाही. कॅनडाच्या अभ्यासात टिकलं ते इतकंच, की ज्या बायका आधीच फार खचलेल्या होत्या, त्यांचं मन गटामुळे सावरलं आणि दुखणं कमी जाणवलं.

काहींना ही निराशा वाटली. मला ती सुटका वाटते. गटात गेल्याने आयुष्य वाढतं असं ठरलं असतं, तर जी लवकर गेली तिच्या मनोबळात काहीतरी कमी होतं, असा अर्थ निघाला असता. ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला चौथ्या स्टेजच्या बाईला दिवसातून दहा वेळा मिळतो, आणि पुढच्या स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसला की त्याच सल्ल्याचा आरोप होतो. आयुष्य औषधाने वाढतं, नशीब असेल तर बरंच वाढतं. गटाचं काम ते आयुष्य जगण्याजोगं करणं हे आहे, आणि तेवढं काम पुरेसं मोठं आहे.

स्वतंत्र संघटना उभ्या राहायला मात्र एकविसावं शतक उजाडलं. अमेरिकेत २००४मध्ये आजार पसरलेल्या बायकांनीच आपलं जाळं सुरू केलं. २००९ साली त्यांच्या पाठपुराव्यामुळे १३ ऑक्टोबर हा दिवस मेटास्टॅटिक, म्हणजे पसरलेल्या, स्तन कॅन्सरचा म्हणून तिथल्या संसदेने मान्य केला. गुलाबी महिन्यातला एक दिवस. २०११मध्ये लिस्बनला फक्त याच स्टेजच्या उपचारांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि मार्गदर्शक सूचना ठरवताना डॉक्टरांच्या शेजारी रुग्णही बसले.

आपल्याकडे या प्रवासाचा एक मोठा टप्पा परळला आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१मध्ये सुरू झालं. पहिल्यांदा आली तेव्हाच आजार पसरलेला आहे, अशी बाई तिथे दुर्मीळ नव्हती. नातेवाईक विचारत, ‘डॉक्टर, गाठ तरी काढून टाका ना?’ प्रश्न स्वाभाविक होता आणि जगात कोणाकडेच त्याचं पक्कं उत्तर नव्हतं. टाटाच्या डॉक्टरांनी, डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली, २००५ ते २०१३ या काळात ३५० बायकांवर चाचणी केली. केमोला प्रतिसाद दिलेल्या या बायकांपैकी निम्म्यांची स्तनाची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालं, निम्म्यांचं नाही. आयुर्मानात फरक पडला नाही: १९.२ महिने आणि २०.५ महिने. २०१५मध्ये हे छापून आलं आणि जगभरच्या उपचारांवर त्याचा परिणाम झाला. चौथ्या स्टेजला सरसकट शस्त्रक्रिया का सुचवत नाहीत, या प्रश्नाच्या उत्तरामागे त्या ३५० जणी आहेत.

औषधांच्या किमतीची लढाई हा दुसरा धागा. मुंबईतली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही १९६९पासूनची संस्था ग्लिव्हेक या रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधाच्या पेटंटला विरोध करणाऱ्यांत होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारलं. त्याच वर्षी ट्रॅस्टुझुमॅब स्वस्त व्हावं म्हणून भारतात मोहीम चालली, मूळ कंपनीने इथलं पेटंट सोडलं, आणि २०१४च्या सुरुवातीला बायोकॉनचं भारतीय औषध बाजारात आलं. त्याचीही ४४० मिलिग्रॅमची वायल ५७,५०० रुपयांची होती, हे विसरून चालणार नाही. २०२२मध्ये केरळच्या एका रुग्ण बाईने रायबोसायक्लिब या स्तनाच्या कॅन्सरवरच्या गोळ्यांसाठी उच्च न्यायालयात धाव घेतली. गोळ्यांचा खर्च महिन्याला साधारण ५८ हजार रुपये होता. खटला चालू असतानाच ती गेली. न्यायालयाने विषय सार्वजनिक महत्त्वाचा मानून पुढे चालू ठेवला. त्याच गटातल्या पाल्बोसायक्लिबचं पेटंट जानेवारी २०२३मध्ये संपलं, अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत एकदम खाली आली. पेटंटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणाऱ्या बायका आणि त्यांची मुलं या देशात आहेत.

आणि आधार? टाटामध्ये व्ही केअर ही संस्था १९९४पासून काम करते. ती सुरू करणाऱ्या वंदना गुप्ता स्वतः कॅन्सरमधून गेल्या होत्या. पण चौथ्या स्टेजच्या मराठी बाईचा खरा गट बहुतेक वेळा कोणी काढलेला नसतो. तो दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेच्या व्हरांड्यात, ओपीडीच्या बाकावर, केमोच्या डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर जमतो. रेल्वेच्या सवलतीच्या अर्जावर सही कुठे मिळते, महात्मा फुले योजनेत कुठलं औषध बसतं, ट्रस्टला अर्ज करताना कुठले कागद लागतात, हे तिथे कळतं. आजार हाडांत पसरल्यावर देतात ते हाडांचं इंजेक्शन सुरू होण्याआधी दाताच्या डॉक्टरला दाखवून घे, नंतर दात काढावा लागला तर जबड्याला धोका असतो. केपसायटाबिन या केमोच्या गोळीने तळपाय सोलवटतात. मऊ चप्पल घाल, मलम आधीपासून लाव आणि डॉक्टरपासून लपवू नको, डोस कमी करता येतो. आजार परतला असेल तर नवी बायोप्सी करायची का हे विचार, कारण हार्मोन आणि हर-टूचा रिपोर्ट बदललेला असू शकतो. एक औषध थकलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं. ‘लाइन बदलली’, म्हणजे आता दुसरं औषध, हे वाक्य जिने चारदा ऐकलंय ती पहिल्यांदा ऐकणारीला हे सांगते, तेव्हा ते पटतं.

त्याच बाकावर अमक्या गावच्या झाडपाल्याने बरं झालेल्यांच्या कथाही फिरतात, आणि एकीच्या गोळ्यांचा डोस दुसरी स्वतःला लावून बघते. म्हणून गटात जाणकार नर्स किंवा समाजसेविका असणं मला आवश्यक वाटतं. स्टॅनफर्डच्या मूळ रचनेत तसं माणूस होतंच. चौथ्या स्टेजचा गट वेगळा असावा, हेही तितकंच. नुकत्याच बऱ्या झालेल्या बाईच्या आनंदापुढे स्वतःचा स्कॅन सांगायला हिला जीभ रेटत नाही, आणि हिचं ऐकून ती घाबरते. दोघींवरही अन्याय होतो.

या बायका किती आहेत, हा प्रश्न उरतोच. २०२२ साली भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. कॅन्सर नोंदणी पहिलं निदान आणि मृत्यू मोजते. सहा वर्षांनी आजार यकृतात परतला, ही घटना नवा रुग्ण म्हणून मोजली जात नाही. अमेरिकेतही हीच अडचण होती. तिथल्या संशोधकांनी २०१७मध्ये गणिताने अंदाज बांधला, तेव्हा दीड लाखाहून जास्त बायका या आजारासह जगत असल्याचं आणि त्यांतल्या चारपैकी तिघींचं पहिलं निदान आधीच्या स्टेजला झाल्याचं दिसलं. भारतातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कॅन्सर नोंदणी मुंबईतच, १९६३ साली, इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. तिच्या अर्जात ‘आजार परतला, तारीख, अवयव’ एवढा एक रकाना वाढवला आणि तो भरायला हॉस्पिटलांना माणूस दिला, तर किती गोळ्या, किती खाटा आणि किती समुपदेशक लागतील याचा हिशोब तरी मांडता येईल.