पास आज झालो, मग वकील कधी झालो? सनद, सीओपी आणि बारच्या परीक्षेची पार्श्वभूमी

एआयबीईचा, म्हणजे वकिलांच्या ऑल इंडिया बार परीक्षेचा, रिझल्ट लागला की दोन दिवस व्हॉट्सॲपवर दुसरं काही नसतं. स्टेटसला रिझल्टचा स्क्रीनशॉट, खाली काळ्या कोटातला फोटो, आणि नावाच्या आधी पहिल्यांदाच लागलेलं 'ॲड.'. सगळ्यांचं मनापासून अभिनंदन, आणि ज्यांचं राहिलं त्यांनी हिरमुसून घरी बसू नये, परीक्षा परत होते. पण दरवेळी या दिवशी मला पाच-सहा फोन येतात आणि प्रश्न एकच असतो. यावेळी एक मुलगी विचारत होती, सर माझी सनद दीड वर्षापूर्वीच निघाली, तेव्हाच घरच्यांनी पेढे वाटले, मग मी वकील तेव्हा झाले की आज? आणि ही दीड वर्षं कशात धरायची?

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही कारण कायद्यातच ते एका वाक्यात नाहीये. परीक्षा कशी असते, फॉर्म कसा भरायचा हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. हा गुंता झाला कसा तेवढं सांगतो.

आधी 'सनद' हा शब्द. आपल्याकडे वकील झाला असं म्हणायच्या ऐवजी 'सनद मिळाली' म्हणतात. शब्द पेशवाईच्याही आधीचा, इनामाची सनद, वतनाची सनद, म्हणजे सरकारने शिक्का मारून दिलेला हक्काचा कागद. इंग्रजी कोर्टं आली आणि कोर्टात उभं राहायच्या परवानगीलाही तेच नाव चिकटलं. तेव्हा वकील म्हणजे एकच जात नव्हती, बॅरिस्टर वेगळे, ॲटर्नी वेगळे, हायकोर्टाचे वकील वेगळे, खाली प्लीडर आणि मुखत्यार, आणि १८७९ च्या कायद्याने या खालच्या वर्गांची व्यवस्था लावून दिली. परीक्षा तेव्हाही होत्या. पण परीक्षा पास होणं आणि सनद मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हापासूनचंच. नाशकात १८६६ साली जन्मलेल्या एका बाईंनी ऑक्सफर्डला कायदा शिकून १८९७ मध्ये मुंबईची एलएलबीची परीक्षा दिली, १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची प्लीडरची परीक्षाही दिली, आणि तरीही त्यांना कोर्टात उभं राहता आलं नाही कारण त्या बाई होत्या. तो अडसर निघायला १९२३ चा कायदा यावा लागला. पास होऊनही वीसहून जास्त वर्षं दाराबाहेर. आजच्या मुलींनी हे लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

आता थेट १९६१ वर येतो, कारण आजचं सगळं भांडण तिथून सुरू होतं. ॲडव्होकेट्स ॲक्ट आला, सगळे वर्ग संपले, देशभर एकच 'ॲडव्होकेट', आणि सनद द्यायचं काम कोर्टाकडून राज्याराज्यांच्या बार काउन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या संस्थेकडे, गेलं. त्याच्या कलम २४ मध्ये एक अट होती, की डिग्रीनंतर राज्याच्या काउन्सिलने ठरवलेलं ट्रेनिंग घ्यायचं आणि त्याची परीक्षा पास व्हायची, मगच नाव पटावर, म्हणजे वकिलांच्या नोंदवहीत. म्हणजे 'बारची परीक्षा हे नवीन फॅड आहे' असं जे म्हणतात ते बरोबर नाही, परीक्षा मूळ कायद्यातच होती. १९७३ मध्ये संसदेने दुरुस्ती करून ही अट काढून टाकली. कारण असं की पदवीनंतरचा एलएलबी आता तीन वर्षांचा झालाय, तेवढ्यात पुरेसं शिकून होतं, वर वेगळं ट्रेनिंग नको.

त्यानंतर वीसेक वर्षं डिग्री, फॉर्म, सनद, एवढंच. या काळात लॉ कॉलेजं कशी आणि किती निघाली ते आपल्या प्रत्येक जिल्ह्यात लोकांनी पाहिलंय. वर्गात न बसता डिग्री घेऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी अशिलाची जमीन पणाला लावून युक्तिवाद करतोय, ही तक्रार न्यायाधीशांनीच करायला सुरुवात केली, आणि १९९४ मध्ये न्यायाधीशांच्या एका समितीने ट्रेनिंग आणि परीक्षा दोन्ही परत आणा असं सांगितलं. देशपातळीवरच्या काउन्सिलने १९९५ मध्ये स्वतःच नियम करून टाकले, सनदेआधी एक वर्ष सिनियरकडे उमेदवारी.

इथे तो निकाल येतो ज्याच्यावर मला जरा थांबायचंय. मार्च १९९९, सुप्रीम कोर्ट. प्रश्न ट्रेनिंग चांगलं की वाईट हा नव्हताच, ट्रेनिंग हवं हे कोर्टानेही मानलं. प्रश्न होता की ही अट घालायचा अधिकार काउन्सिलला आहे का. कोर्ट म्हणालं, नाही. संसदेने १९७३ मध्ये जी अट विचार करून काढली ती काउन्सिलला नियम करून परत घालता येणार नाही, कलम २४ मध्ये लिहिलेल्या अटी पूर्ण करणाऱ्याला सनद मिळालीच पाहिजे, हवं असेल तर कायदा बदला. नियम रद्द झाले. आमच्या बारमधले जुने लोक अजून या निकालावर तावातावाने बोलतात, अर्धे म्हणतात याने वकिलीचा दर्जा गेला. मला तसं वाटत नाही. कोर्टाने कायदा जसा लिहिलाय तसा वाचला. चूक पुढे झाली. कायदा बदला म्हणून स्पष्ट सांगितलं होतं, २००२ मध्ये विधी आयोगानेही आपल्या १८४ व्या अहवालात तेच सांगितलं, आणि संसदेत कोणी हलवलं नाही. ते एक कलम तेव्हा दुरुस्त झालं असतं तर पुढची वीस वर्षं ज्युनियर मुलांची जी ओढाताण झाली ती झाली नसती.

मग वाट निघाली ती अशी. लॉ कॉलेजांच्या तपासणीचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात चालू होतं, त्यात २००९ मध्ये समिती नेमली गेली, समितीने बारची परीक्षा सुचवली, आणि एप्रिल २०१० मध्ये काउन्सिलने नियम केले. पण १९९९ चा निकाल डोक्यावर होता, सनदेआधी अट घालता येत नव्हती. म्हणून परीक्षा सनदेच्या नंतर ठेवली. सनद घ्या, पटावर नाव येऊ द्या, पण परीक्षा पास होऊन 'सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस' मिळेपर्यंत प्रॅक्टिस करायची नाही. २००९-१० च्या बॅचपासून पुढे सगळ्यांना लागू.

मी त्याच बॅचचा. २०१० ला पास झालो, रात्रीच्या एसटीने मुंबईला जाऊन सनद घेतली, वडिलांनी ती फ्रेम करून बैठकीच्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी लावली. आणि मला कोर्टात उभं राहता येत नव्हतं. आधी डिसेंबर २०१० ची तारीख होती, ती पुढे गेली. सिनियर चांगला माणूस होता पण वकालतनाम्यावर माझं नाव घालायला घाबरायचा, समोरच्याने हरकत घेतली तर काय, म्हणून मी चार महिने फक्त नकला काढणं, फायली शिवणं आणि बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, उतरवून आणणं केलं. वडील रोज विचारायचे आज केस चालवली का. काय सांगणार, भिंतीवर सनद आहे आणि तोंडाला कुलूप आहे.

पहिली परीक्षा ६ मार्च २०११, रविवार. पुस्तकं बघून लिहायची परीक्षा, म्हणून पुण्यातल्या सेंटरबाहेर लोक अक्षरशः प्रवासाच्या बॅगा घेऊन आले होते. माझ्या शेजारच्या मुलाने बेअर ॲक्टच्या, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराच्या पुस्तकांच्या, पानांना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या, पुराव्याचा कायदा पिवळा, सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) निळा, आणि पेपर सुरू झाल्यावर त्याच्या हाताला इतका घाम होता की त्या पट्ट्या बोटांना चिकटून निघून यायला लागल्या. मराठीतून पेपर देता येतो ही या परीक्षेची खरंच मोठी गोष्ट आहे, तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांसाठी तर फारच. फक्त 'प्राङ्न्याय' वाचल्यावर आधी मनात 'रेस ज्युडिकाटा' (एकदा निकाल लागलेला वाद परत चालवता येत नाही हा नियम) आणावं लागायचं, कारण शिकवलं मराठीत तरी शब्द सगळे इंग्रजीच वापरलेले.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३०, पटावरच्या प्रत्येक वकिलाला देशातल्या सगळ्या कोर्टांत प्रॅक्टिसचा हक्क देणारं, हे १९६१ पासून कागदावर होतं पण लागूच केलेलं नव्हतं. ते लागू झालं १५ जून २०११ ला. पन्नास वर्षांनी, आणि पहिल्या परीक्षेनंतर तीन महिन्यांनी! म्हणजे एकीकडे कायदा म्हणतो पटावर आलात की हक्क तुमचा, दुसरीकडे नियम म्हणतो परीक्षा पास झाल्याशिवाय नाही. साहजिकच देशभर याचिका पडल्या. पुढे मधला मार्ग म्हणून दोन वर्षांची मुभा आली, तात्पुरती सनद घ्या, प्रॅक्टिस करा, दोन वर्षांत परीक्षा पास व्हा.

यात 'सीओपी' या शब्दाने आणखी गोंधळ घातला. परीक्षा पास झाल्यावर मिळतं ते सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस. पण २०१५ मध्ये बोगस डिग्रीवाले शोधायला व्हेरिफिकेशनचे नियम आले, त्यात जे मिळतं ते सर्टिफिकेट ॲंड प्लेस ऑफ प्रॅक्टिस. बार रूममध्ये दोन्हीला सीओपीच म्हणतात. २०१० च्या आधीच्या माणसाने कधी परीक्षा दिलेली नाही पण त्याच्याकडे 'सीओपी' आहे, आणि नव्या मुलाकडे परीक्षेचं 'सीओपी' आहे तर त्याला सांगतात व्हेरिफिकेशन राहिलंय. बार असोसिएशनच्या निवडणुकीत मतदार यादी लागली की यावरून दरवेळी वाद होतात, आणि बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या कागदाबद्दल बोलत असतात.

परीक्षा सनदेआधी की नंतर, हा प्रश्न २०१६ मध्ये घटनापीठाकडे गेला आणि निकाल लागला १० फेब्रुवारी २०२३ ला. पाच न्यायाधीशांनी १९९९ चा निकाल चुकीचा ठरवला. म्हणणं असं की १९७३ मध्ये संसदेने काढला तो राज्यांच्या काउन्सिलचा अधिकार, देशाच्या काउन्सिलला कलम ४९ खाली नियम करायचे अधिकार आधीपासून होते आणि ते तसेच राहिले, म्हणून परीक्षा सनदेआधी घ्यायची की नंतर हे काउन्सिलने ठरवावं. परीक्षा टिकली याचं मला समाधान आहे, परीक्षा हवीच, कारण समोरचा अशील आपल्यावर घरदार सोपवतो. पण चोवीस वर्षांत त्याच ओळींचे दोन उलटे अर्थ निघाले आणि मधल्या काळातल्या मुलांना कोणीच सांगितलं नाही की तुम्ही नक्की कोण.

त्यानंतर सगळं भराभर झालंय. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेला पास व्हायचे मार्क ४० टक्क्यांवरून ४५ केले (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४०), पुस्तकं आणि नोट्स आधीच बंद झाल्या होत्या, फक्त कोरा बेअर ॲक्ट न्यायचा. त्या वेळी १,४४,००० च्या आसपास बसले आणि ७०,००० सुद्धा पास झाले नाहीत. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सनदेच्या फीवर निकाल दिला, की कायद्यात लिहिलेत तेवढेच घ्या, ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. तोपर्यंत राज्यं पंधरा हजारांपासून घेत होती, ओडिशात तर ४२,१०० लागायचे. फक्त आधी घेतलेले परत द्यायची गरज नाही म्हणाले. ज्या शेतमजुराच्या मुलाने सनदेसाठी व्याजाने पैसे काढले त्याचं व्याज त्यालाच भरावं लागणार, हे मला अजून टोचतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही परीक्षेला बसू देण्याचा आदेश झाला, त्यामुळे आता एकाच हॉलमध्ये सनद असलेला आणि डिग्रीही हातात नसलेला असे दोघं शेजारी बसतात.

आणि २० मे २०२५. ज्युनियर डिव्हिजन सिव्हिल जजच्या परीक्षेसाठी तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आली, जी २००२ मध्ये गेली होती. जेएमएफसीची, म्हणजे याच खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशपदाची, तयारी करणाऱ्या आपल्या मुलांना हा मोठाच धक्का होता. पण त्याच निकालात त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर पण आहे. कोर्टाने म्हटलंय की तीन वर्षं मोजायची ती तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून, बारची परीक्षा पास झाल्याच्या तारखेपासून नाही, कारण परीक्षा कधी होईल ते मुलांच्या हातात नसतं. त्यासाठी दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाचं सर्टिफिकेट लागतं.

तिला तेच सांगितलं. सनदेवरची तारीख बघ, दीड वर्ष भरलंय, दीड राहिलंय, आणि ज्यांच्याकडे बसतेस त्यांची दहा वर्षं झालीत का ते आजच विचारून घे.